वाद्यवृंदाला दोष देण्यापूर्वी

नावाजलेल्या मेटल बँडमधून बाहेर पडलेल्या गायिकेने स्वतःच्या नावावर वाद्यवृंदप्रधान रॉक अल्बम काढला, की त्यावर कोणते आक्षेप घेतले जातील हे अल्बम ऐकण्याआधीच सांगता यावे, इतके ते आक्षेप ठरीव झाले आहेत. फिनलंडच्या तार्या तुरुनेन यांचा ‘माय विंटर स्टॉर्म’ हा अल्बम २००७ साली युनिव्हर्सल म्युझिकने प्रकाशित केला, तेव्हा ते सगळेच्या सगळे त्याच्या वाट्याला आले. हा जुन्या बँडचाच पाणी घातलेला अवतार आहे, गाणी भाडोत्री रचनाकारांची आहेत, तंतुवाद्यांचा फुलोरा रचनेतली पोकळी झाकण्यापुरता आहे आणि एकंदर ध्वनी चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासारखा गुळगुळीत आहे, असा या आक्षेपांचा मथितार्थ होता, आणि आजही या अल्बमचा विषय निघाला की तोच पाढा वाचला जातो. अल्बम निर्दोष आहे असे येथे म्हणायचे नाही. त्यात ठळक दोष आहेत आणि त्यांची चर्चा पुढे येईल. परंतु टीकाकार दोषाचे खापर ज्या वाद्यवृंदावर फोडतात, तो या अल्बमचा सर्वांत भक्कम भाग आहे, आणि जेथे जेथे अल्बम लंगडतो तेथे तेथे त्या वाद्यवृंदावर पुरेसा भरवसा ठेवलेला नाही, हे या प्रतिवादाचे म्हणणे आहे.

वादाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण आक्षेपांचा बराचसा जोर संगीतातून आलेला नसून तिच्यातून आलेला आहे. पूर्व फिनलंडमधील किटे या लहानशा गावी १९९६ साली तुओमास होलोपाइनेन यांनी ‘नाइटविश’ हा बँड स्थापन केला आणि कुओपिओ येथे सिबेलियस अकादमीत शिकलेल्या तुरुनेन यांचा शास्त्रोक्त सोप्रानो आवाज, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातील सर्वांत उंच पट्टीचा स्त्री-स्वर, वेगवान इलेक्ट्रिक गिटार आणि कीबोर्ड यांच्या शेजारी आणून बसवला. मेटलच्या जड गिटारध्वनीला सिंफनी वाद्यवृंदाच्या किंवा त्याचा भास देणाऱ्या कीबोर्डच्या थरांची जोड देणाऱ्या या प्रकाराला ‘सिंफनिक मेटल’ म्हणतात, आणि त्याला युरोपभर लोकप्रियता मिळवून देण्यात नाइटविशचा वाटा मोठा आहे. सुरुवातीच्या अल्बमांत कीबोर्डवर भागवलेले हे थर २००२ च्या ‘सेंच्युरी चाइल्ड’मध्ये प्रत्यक्ष वाद्यवृंदाकडे गेले आणि २००४ च्या ‘वन्स’मध्ये पिप विल्यम्स यांच्या वाद्ययोजनेनुसार लंडनच्या वादकांनी ते वाजवले. त्यानंतर २१ ऑक्टोबर २००५ रोजी हेलसिंकीतील मोठा कार्यक्रम संपल्यावर सहकाऱ्यांनी तुरुनेन यांच्या हाती बडतर्फीचे पत्र ठेवले आणि तेच पत्र जाहीरही केले. त्यात त्यांच्यावर, इतर गोष्टींबरोबरच, पैशाला अवाजवी महत्त्व दिल्याचा ठपका होता.

या पत्रातील आरोप खरे होते की खोटे हा प्रश्न येथे गैरलागू आहे. महत्त्वाचे एवढेच, की दोन वर्षांनी अल्बम आला तेव्हा बहुसंख्य श्रोत्यांनी तो या पत्राचा जबाब म्हणून ऐकला. अनेट ओलझोन या नव्या गायिकेसह नाइटविशचा ‘डार्क पॅशन प्ले’ सप्टेंबर २००७ मध्ये बाजारात आला आणि ‘माय विंटर स्टॉर्म’ नोव्हेंबरमध्ये. इतक्या थोड्या अंतराने आलेल्या दोन अल्बमांची तुलना टळणारी नव्हतीच. परंतु तुलना झाली ती मोठी एकतर्फी झाली. होलोपाइनेन यांनी बँड सांभाळताना काय कमावले आणि काय गमावले हा प्रश्न एका अल्बमला विचारला गेला, आणि दुसऱ्याला केवळ ‘हा नाइटविशसारखा का नाही’ एवढेच विचारले गेले. आणि तो जेथे नाइटविशसारखा वाटला तेथे नक्कल म्हणून त्याला झोडपण्यात आले. सारखेपणाही दोष आणि वेगळेपणाही दोष असा हा दुहेरी न्याय आहे, आणि न्याय करण्याआधी निकाल ठरलेला असला म्हणजे असेच होते.

‘पाणी घातलेला नाइटविश’ हा आक्षेप घेणाऱ्यांनी अल्बमच्या वादकांची यादी जरी पाहिली असती, तरी त्यांना थांबावे लागले असते. बासवर ‘लिव्हिंग कलर’चे डग विम्बिश आहेत, ज्यांची मुळे फंक आणि हिप-हॉप यांत आहेत, ड्रमवर अर्ल हार्विन आहेत, ज्यांचा पिंड जॅझचा आहे, चेलोवर चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणांत मुरलेले मार्टिन टिलमन आहेत. निर्माते डॅनियल प्रेस्ली यांना सिंफनिक मेटलच हवे असते, तर युरोपात त्या शैलीत तयार झालेल्या वादकांची वानवा नव्हती. मेटलमधील ड्रमवादनाचे एक व्यवच्छेदक लक्षण म्हणजे दोन्ही पायांनी बास ड्रमवर अखंड चालवलेली जलद लय. या अल्बमच्या बहुतांश गाण्यांत तिला जवळजवळ स्थानच नाही. ‘बॉय अँड द घोस्ट’, ‘सिंग फॉर मी’, ‘माइनर हेवन’, ‘डॅम्ड अँड डिव्हाइन’ ही गाणी मध्यम किंवा संथ लयीत चालतात, आणि ‘कीरान्स वेल’सारखे एखादे आक्रमक गाणे अपवाद म्हणूनच लक्षात राहते. म्हणजे वेग कमी पडला असे नाही. वेग हे या अल्बमचे उद्दिष्टच नव्हते. संथ चालीचा अल्बम वेगवान अल्बमच्या मापाने अपुरा ठरवणे हा समीक्षेतला प्राथमिक प्रमाद आहे, आणि तो अनेक वर्षे बिनदिक्कत होत राहावा याचे कारण श्रोत्यांच्या कानात नसून त्यांच्या निष्ठेत शोधावे लागते.

लय संथ का ठेवली, गिटार मागे का सारली आणि वाद्यवृंद पुढे का आणला, या प्रश्नांचे उत्तर अभिरुचीच्या आधी ध्वनिशास्त्रात आहे, आणि हा मुद्दा थोडा विस्ताराने मांडण्यासारखा आहे. स्टॉकहोमचे ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले, की सिंफनी वाद्यवृंदाची ध्वनिऊर्जा साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असते आणि त्यापुढे वरच्या कंपनसंख्यांकडे ती झपाट्याने उतरत जाते. ऑपेराचे शिक्षण घेतलेले गायक, विशेषतः पुरुष गायक, घशाच्या आकारात बदल करून २५०० ते ३००० हर्ट्झच्या परिसरात ऊर्जेचा एक वेगळा पुंजका निर्माण करतात, ज्याला ‘गायकाचा फॉर्मंट’ म्हणतात. वाद्यवृंद जेथे क्षीण असतो नेमके तेथे हा पुंजका पडत असल्यामुळे एक माणूस कोणत्याही ध्वनिवर्धकाशिवाय साठ-सत्तर वाद्यांच्या वरून ऐकू येतो. उंच स्वर गाणाऱ्या सोप्रानो गायिकेची युक्ती वेगळी असते: ती तोंड अधिक उघडून मुखपोकळीचा पहिला अनुनाद थेट गायल्या जाणाऱ्या स्वरापर्यंत वर नेते आणि त्यामुळे तिचा आवाज विलक्षण भरदार होतो, मात्र त्याची किंमत म्हणून निरनिराळ्या स्वरांची, म्हणजे अ, इ, उ, ए यांची, ओळख पुसट होत जाते. ‘शब्द कळत नाहीत’ ही तुरुनेन यांच्याविषयीची जुनी तक्रार या भौतिक वस्तुस्थितीशी निगडित आहे. तिचा उच्चाराच्या निष्काळजीपणाशी फारसा संबंध नाही.

आता या आवाजासमोर विकृत ध्वनीची इलेक्ट्रिक गिटार उभी केली की काय होते ते पाहावे. ‘डिस्टॉर्शन’ नावाच्या प्रक्रियेत गिटारचा विद्युत्संकेत मुद्दाम छाटला जातो, त्यातून मूळ स्वराच्या पटीतील कंपनांचा दाट समूह तयार होतो, आणि गिटारचे ध्वनिक्षेपक सुमारे ५००० हर्ट्झपर्यंतचा तो सारा पट्टा भरून टाकतात. म्हणजे वाद्यवृंद जी जागा मोकळी सोडतो ती गिटार व्यापते, आणि ती जागा शिक्षित मानवी आवाजाच्या हक्काची आहे. ध्वनिमुद्रणात मिश्रण करणारा तंत्रज्ञ आवाजाची पातळी वाढवू शकतो, हे खरे. परंतु पातळी वाढवल्याने एकाच पट्ट्यातील दोन ध्वनींची झटापट मिटत नाही, एकाला दुसऱ्याच्या छातीवर बसवता येते इतकेच. या झटापटीत टिकायचे तर गायिकेला सतत उंच आणि जोरकस गावे लागते, आणि तिच्या मध्य व खालच्या सप्तकातील, श्वासाच्या जवळ असलेला सगळा रंग वाया जातो. नाइटविशच्या १९९८ च्या ‘ओशनबॉर्न’मध्ये, विशेषतः ‘पॅशन अँड द ऑपेरा’च्या अखेरीच्या चपळ ताननिष्ठ भागात, हे उंच गायन थक्क करणारे आहे यात वाद नाही, पण ते थक्क करण्यासाठीच योजलेले आहे, आणि सतत थक्क होत राहणे ही श्रोत्याच्या दृष्टीनेही फार काळ सोसण्याजोगी अवस्था नाही.

‘माय विंटर स्टॉर्म’ची मांडणी या भौतिक अडचणीवर शोधलेला उपाय म्हणून ऐकली, की तिच्यातील निवडी ठळकपणे उमगू लागतात. ‘आय वॉक अलोन’ या पहिल्या एकल गाण्याची कडवी खालच्या-मध्य पट्टीत, जवळून टिपलेल्या आवाजात सुरू होतात, तंतुवाद्ये आवाजाखाली आधार म्हणून पसरतात आणि गिटारला मुख्यतः ध्रुवपदात, जेथे आवाज स्वतःच वर चढलेला असतो, प्रवेश मिळतो. ‘ओअॅसिस’ हे फिनिश भाषेतील संथ गाणे स्वतः तुरुनेन यांनी रचलेले आहे, आणि त्यात त्यांनी स्वतःसाठी काय मागितले ते पाहिले तर संपूर्ण अल्बमची दिशा कळते: मोकळा अवकाश, विरळ साथ, आणि स्वर लांबवताना त्याचा रंग बदलत नेण्याची सवलत. ऑपेरा गायिकेला वाद्यवृंदाने जी वागणूक शतकानुशतके दिली, ती रॉकच्या मायक्रोफोनसमोर मिळवण्याचा हा प्रयत्न आहे, आणि त्याला ‘मऊपणा’ म्हणणारे लोक आवाजाच्या शक्यतांपेक्षा गिटारच्या मानापमानाची काळजी अधिक वाहताना दिसतात.

या युक्तिवादावर जाणकार टीकाकार एक खरोखरीचा मोठा दाखला पुढे करतात, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. ‘वन्स’मधील ‘घोस्ट लव्ह स्कोर’ ही दहा मिनिटांची रचना घ्या, असे ते म्हणतात: तेथे गिटारही आहे, वाद्यवृंदही आहे, समूहगानही आहे आणि तुरुनेन यांचे गायन त्यांच्या कारकिर्दीतील उत्तमांपैकी आहे, मग वेगळा अल्बम करून काय साधले? ही रचना उत्तम आहे हे मान्यच केले पाहिजे. परंतु तिची थोरवी कोणत्या प्रकारची आहे हेही पाहिले पाहिजे. ती परस्परविरोधी खंडांची रचना आहे. मधला दीर्घ भाग आवाजाला पूर्ण रजा देऊन वाद्यांवर सोपवलेला आहे, आणि आवाज हा त्या खंडांपैकी एक, अतिशय प्रभावी, पण एकच खंड आहे. होलोपाइनेन हे कीबोर्डवर बसून जग रचणारे संगीतकार आहेत आणि गायिका ही त्या जगातील एक पात्र आहे. अशा रचनापद्धतीत काहीही गैर नाही, पण तिच्याबाहेर पडलेल्या गायिकेने तीच पद्धत पुढे चालवावी ही अपेक्षा मात्र चमत्कारिक आहे. ‘डार्क पॅशन प्ले’मधील चौदा मिनिटांच्या आसपासची ‘द पोएट अँड द पेंड्युलम’ ही रचना त्या पद्धतीचा पुढचा टप्पा दाखवते, आणि ती पुढे नेण्याचा अधिकार व जबाबदारी ज्यांची होती त्यांनी ती पार पाडली. दुसऱ्या बाजूचे काम दुसरे होते.

गाणी इतरांनी लिहिली, या आक्षेपाकडे वळताना प्रथम वस्तुस्थिती मान्य करावी: ‘आय वॉक अलोन’ ही स्वीडिश रचनाकार मॅटियास लिंडब्लोम आणि अँडर्स वोलबेक यांच्या सहभागातून आलेली रचना आहे आणि अल्बममधील इतर अनेक गाण्यांतही व्यावसायिक रचनाकारांचा हात आहे. यातून अल्बम ‘कला’ नसून ‘उत्पादन’ ठरतो, असा जो निष्कर्ष काढला जातो, त्याच्या मुळाशी रॉक संगीतातील एक तुलनेने अलीकडची समजूत आहे. १९६० च्या दशकात बॉब डिलन आणि बीटल्स यांच्या प्रभावाने ‘जो गातो त्यानेच लिहावे’ हा दंडक रूढ झाला. त्यापूर्वी एल्विस प्रेस्ली यांनी इतरांनी रचलेली गाणी गाऊन रॉकचा चेहरा घडवला होता आणि त्याबद्दल त्यांना कोणी बनावट म्हटले नव्हते. ऑपेराच्या जगात तर हा दंडक लावायचा म्हटले तर मारिया कॅलास यांचे नावही कलावंतांच्या यादीतून काढून टाकावे लागेल. तुरुनेन यांचे शिक्षण ज्या परंपरेत झाले, प्रथम कुओपिओत आणि पुढे जर्मनीतील कार्ल्सरूऽ येथील संगीत विद्यापीठात, त्या परंपरेत दुसऱ्याच्या रचनेला आवाजातून अर्थ देणे हेच कलावंताचे काम मानले जाते. त्यांनी त्याच परंपरेतील श्रमविभागणी रॉकमध्ये आणली, तर त्याला लबाडी का म्हणावे हे कोणी सांगितलेले नाही.

गंमत अशी, की हा दंडक मेटलचे चाहतेही सोयीनुसारच पाळतात. अल्बममध्ये अॅलिस कूपर यांच्या १९८९ च्या ‘पॉयझन’ या गाण्याचे पुनर्गायन आहे, आणि मूळ गाणे हार्ड रॉकचा अस्सल नमुना म्हणून सर्वमान्य आहे. परंतु तेही कूपर यांनी डेसमंड चाइल्ड यांच्यासारख्या, अनेक बँडांना यशस्वी गाणी पुरवणाऱ्या कसलेल्या व्यावसायिक रचनाकाराबरोबर लिहिलेले होते. पुरुष गायकाने असे सहकार्य घेतले की तो हुशार कलावंत ठरतो आणि स्त्री गायिकेने घेतले की ती कुणाच्या तरी हातची बाहुली ठरते, ही विषमता एवढ्या उघड रीतीने वावरत असताना तिच्याकडे काणाडोळा करणे समीक्षकांना कसे जमले, हे त्यांनाच विचारावे लागेल. पुढे २०१० च्या ‘व्हॉट लाइज बिनीथ’ या अल्बमच्या लेखनात तुरुनेन यांचा वाटा पुष्कळ वाढला आणि त्याची निर्मितीही त्यांनी स्वतः केली, हे त्यांच्या बाजूने बोलणारे काही जण पुराव्यादाखल पुढे करतात. माहिती खरी आहे, परंतु बचाव चुकीचा आहे. कारण त्यात आक्षेपाचा पायाच मान्य केला जातो, जणू लेखनाच्या बळावरच गायिकेला कलावंतपणाचे प्रमाणपत्र मिळायचे आहे.

ध्वनी चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासारखा आहे, हे निरीक्षण अचूक आहे. चूक आहे ती त्यातून काढलेल्या अर्थात. अल्बमची वाद्ययोजना जेम्स डूली यांची आहे, जे हान्स झिमर यांच्याबरोबर चित्रपटसंगीतात काम केलेले संगीतकार आहेत, आणि खालच्या तंतुवाद्यांचे थरांवर थर, पितळी सुषिर वाद्यांचे रुंद स्वरसमूह, समूहगानाचे धक्के ही त्या घराण्याची लक्षणे येथे ऐकू येतात. पण झिमर यांचे मोठेपण सर्वांत मोकळ्या मनाने सांगणारा मेटल संगीतकार कोण, तर तुओमास होलोपाइनेन. नाइटविशच्या संगीतातील चित्रपटीय भव्यता हे त्यांचे बलस्थान मानले जाते, आणि तीच भव्यता तुरुनेन यांच्या अल्बममध्ये आली की ती उसनी ठरते. यापेक्षा हा प्रश्न अधिक गांभीर्याने विचारता आला असता, की चित्रपटसंगीताची भाषा दृश्याविना आणि एका मानवी आवाजाच्या सान्निध्यात कितपत टिकते. त्याचे उत्तर असे देता येईल, की ही भाषा मुळात उत्तर-रोमँटिक काळातील ऑपेरा आणि सिंफनीतूनच हॉलिवूडमध्ये आली; व्हिएन्नाहून गेलेल्या एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड यांनी चित्रपटांना संगीत देण्यापूर्वी ऑपेरा लिहिले होते. तेव्हा ती भाषा पुन्हा सोप्रानोच्या आवाजाखाली येणे हे परक्या घरात शिरणे मुळीच नाही.

‘वाद्यवृंद केवळ सजावट आहे’ हा आक्षेप मात्र अधिक दखलपात्र आहे, कारण रॉक आणि वाद्यवृंद यांच्या संयोगाचा इतिहास पाहता तो पुष्कळदा खरा ठरलेला आहे. मूडी ब्लूज यांच्या १९६७ च्या ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’मध्ये वाद्यवृंद मुख्यतः गाण्यांच्या मधल्या जागा भरतो आणि बँडबरोबर क्वचितच वाजतो. जॉन लॉर्ड यांनी ‘डीप पर्पल’साठी लिहिलेल्या आणि १९६९ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये माल्कम अर्नोल्ड यांच्या दिग्दर्शनाखाली सादर झालेल्या ‘कॉन्चेर्टो’त, विशेषतः पहिल्या भागात, बँड आणि वाद्यवृंद प्रतिस्पर्ध्यांसारखे आमनेसामने उभे राहतात. ‘मेटॅलिका’ने १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिंफनीसह केलेल्या प्रयोगात मायकेल केमन यांनी बहुतांशी आधीच पूर्ण झालेल्या गाण्यांवर वाद्यवृंदाचा थर चढवला, आणि अनेक ठिकाणी तो थर काढून टाकला तरी गाणे जसेच्या तसे उभे राहते. मधल्या जागेत, समोर आणि वर अशा या तीन स्थानांखेरीज वाद्यवृंदाला चौथे स्थान असू शकते, ते आवाजाच्या खाली, म्हणजे साथीचे, आणि ‘माय विंटर स्टॉर्म’ने ते स्वीकारले. सजावट आहे की बांधणी आहे याची कसोटी सोपी आहे: मनातल्या मनात ती वाद्ये वजा करून पाहावीत. ‘माइनर हेवन’ किंवा ‘बॉय अँड द घोस्ट’मधून तंतुवाद्ये वजा केली, तर उरणाऱ्या आवाजाला पाय टेकायला जमीन उरत नाही, उलट त्याच गाण्यांतून गिटार वजा केली तर फारसे काही बिघडत नाही. सजावट कोण, हे यावरून ज्याने त्याने ठरवावे.

आणि याच कसोटीने अल्बमचे खरे दोष उघडे पडतात. ‘पॉयझन’चा समावेश हा त्यातला सर्वांत ढोबळ. गाण्यात वाद्यवृंदाला करण्यासारखे काही नाही, आवाजाला सांगण्यासारखे नवे काही नाही, आणि भोवतीच्या गूढ, हिवाळी वातावरणात ते मेळ्यातल्या पाळण्यासारखे लखलखत फिरत राहते. ‘सीकिंग फॉर द रेन’ आणि ‘द एस्केप ऑफ द डॉल’ यांसारखे छोटे जोडतुकडे एखाद्या कथानकाची चाहूल देतात, पण ते कथानक अल्बममध्ये कोठेही आकार घेत नाही, त्यामुळे ते प्रकरणांविना उरलेल्या शीर्षकांसारखे वाटतात. ‘माय लिट्ल फिनिक्स’ आणि ‘डाय अलाइव्ह’ या गाण्यांची ध्रुवपदे ऐका: तेथे वाद्यवृंद आणि गिटार एकच स्वरावली एकाच वेळी एकाच पट्टीत वाजवतात, आणि दोघेही एकमेकांना पुसून टाकतात. ही वाद्ययोजनेतली चूक म्हणण्यापेक्षा धाडसातली कसूर म्हणावी लागेल. गिटार अजिबात नसेल तर जुना श्रोता दुरावेल अशी भीती त्या जागी ऐकू येते. त्या काळच्या बहुसंख्य रॉक अल्बमांप्रमाणे मास्टरिंगमध्ये, म्हणजे अंतिम ध्वनिसंस्कारात, मंद आणि प्रबळ ध्वनींतील अंतर दाबून सगळे एकसारखे मोठे केले गेले, आणि त्याचा सर्वाधिक फटका बसला तो वाद्यवृंदाला, कारण त्याची अर्धी ताकद मंदपणातून प्रबळतेकडे जाण्यातच असते. हे दोष टीकाकारांनी दाखवले असते तर त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण उरले नसते. त्यांनी दाखवले ते नेमके उलटे: जेथे वाद्यवृंद निर्धास्त आहे तेथे त्याला भपका म्हटले आणि जेथे तो गिटारच्या धाकाखाली अंग चोरतो त्या जागांना ‘निदान येथे तरी थोडे मेटल आहे’ अशी शाबासकी दिली.

या शाबासकीचे परिणाम पुढच्या अल्बमात दिसतात. ‘व्हॉट लाइज बिनीथ’मध्ये गिटार ठळकपणे पुढे आली, ‘फॉलिंग अवेक’ या गाण्याच्या एका आवृत्तीत जो सॅट्रियानी यांच्यासारखा विख्यात गिटारवादक पाहुणा म्हणून आला, ‘अँटीरूम ऑफ डेथ’मध्ये गिटारऐवजी कंठांनी मेटल सादर करणारा ‘व्हॅन कॅन्टो’ हा समूह आला, आणि वाद्यवृंद असला तरी त्याचे स्थान पुन्हा थरांपैकी एका थराचे झाले. ज्यांनी पहिला अल्बम मऊ म्हणून नाकारला होता त्यांच्यापैकी अनेकांनी याला सुधारणा म्हटले. तो अल्बम अधिक नेटका आहे, अधिक एकसंध आहे, आणि त्यामागे एकाच व्यक्तीची इच्छा आहे हेही त्यात ऐकू येते. पण ‘ओअॅसिस’मध्ये उघडलेली वाट त्यांच्या रॉक अल्बमांत नंतर क्वचितच चालली गेली. संथ, विरळ आणि आवाजाच्या श्वासाने बांधलेले गायन तुरुनेन यांनी रॉकच्या बाहेर नेले. २०१५ साली आलेल्या ‘आवे मारिया’ या अल्बमसाठी त्या फिनलंडमधील सेइनायोकी येथील, वास्तुशिल्पी आल्वार आल्टो यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या चर्चमध्ये जाऊन गायल्या. तेथे त्यांच्याकडून गिटारची अपेक्षा करणारे कोणी नव्हते, आणि ‘माय विंटर स्टॉर्म’ने रॉकच्या आत मागितलेली जागा त्यांना रॉक सोडून मिळवावी लागली.